सातवी पायरी

मुन्धर कम्मूनने राखाडी रंगाचा नवा सूट शिवायला टाकला, तेव्हाच त्याच्या बहिणीने, सिहेमने ओळखलं होतं की हा सूट ईदसाठी नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात दादाने ईदला नवा कपडा अंगावर चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. ट्युनिशियातल्या स्फाक्समध्ये ईदच्या दिवशी घरोघरी खारवलेला मासा उकळतो, कांद्या-मनुकांचा शरमूला पहाटेपासून तेलात रटरटत असतो, आणि त्या दोन वासांच्या तावडीतून कुठलंही चांगलं कापड सुटत नाही. म्हणून दादा दरवर्षी तोच तपकिरी कोट घालून यायचा.

"गुडघ्याला बाशिंग बांधून आलाय बघा," ती दारातच म्हणाली. "ईद मुबारक, अध्यक्षमहाराज."

"हळू बोल. बाबा ऐकतील."

"बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी डावीकडेच उभी आहे."

मुन्धरने कपाळाला आठ्या घातल्या, पण आतून त्याला गुदगुल्याच झाल्या. अध्यक्षमहाराज! अठरा वर्षं तो किनारपट्टी वास्तुकार मंडळाचा उपाध्यक्ष होता आणि चोवीस वर्षं त्याचे वडील, सी तिजानी, अध्यक्ष; 'सी' म्हणजे तिकडचं 'राव'. दर तीन वर्षांनी सी तिजानी सभेत उभे राहून म्हणत, "आता तरुणांनी पुढे यावं, मी खुर्ची मोकळी करायला तयार आहे." लगेच सभागृहातून "नाही, नाही, तुमच्याशिवाय कसं?" असा गलका उठे आणि सी तिजानी मोठ्या नाइलाजाने परत खुर्चीत बसत. त्या गलक्यात मुन्धरचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. घरी जाताना गाडीत मात्र तो बायकोशी, राउधाशी, एक शब्द बोलायचा नाही.

यंदा नवल घडलं होतं. रमजानमधल्या एका इफ्तारला सी तिजानींनी सूपचा वाडगा खाली ठेवून सरळ सांगितलं, "मी अर्ज भरणार नाही. चौऱ्याऐंशी झाली. बस." त्या वेळी जवळपास सभासदच नव्हते, त्यामुळे नाही-नाही म्हणायला कोणी नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मुन्धर शिंप्याकडे गेला.

घर तिनियूर रस्त्यावर, चौथ्या किलोमीटरला, बदामांच्या बागेत होतं. सी तिजानींनी अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःसाठी बांधलेलं हे पहिलं घर. विद्यार्थी ते बघायला येत, अंगणातल्या सावलीचे फोटो काढत, आणि मग वरच्या बैठकीत जायला जिना चढू लागत. तिथे, सातव्या पायरीवर, एकूण एक पाहुणा ठेचकाळायचा. ती पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती. फार नाही, पण नेमकी ठेच लागेल इतकी. घरातली माणसं तिथे आपोआप पाय जास्त उचलत, मांजरसुद्धा उचलायचं. पण बांधणाऱ्यालाच हे सांगायचं कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला छप्पन्न वर्षांत कोणी पुढे आलं नव्हतं. आई, लल्ला झकिया, धप्प असा आवाज झाला की स्वयंपाकघरातून नुसतं "बिस्मिल्ला!" म्हणायच्या आणि कांदा परतत राहायच्या. आज सकाळपासून चार वेळा बिस्मिल्ला झालं होतं.

सकाळी आलेले पाहुणे पांगले आणि जेवायला घरचेच उरले. शिवाय सी लोत्फी. सी लोत्फी मंडळाचे चिटणीस, वय एकाहत्तर, एकटे; गेली तीस वर्षं ईदचा मासा ते इथेच खात. त्यांच्या काखेत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. मंडळाची निवडणूक ईदनंतरच्या आठवड्यात असे आणि अर्जाची मुदत ईदच्या दिवशी दुपारी चारला संपे, कारण ईदला सभासद अध्यक्षांच्या घरी येतातच, मग अर्जासाठी वेगळी फेरी कशाला? अर्ज त्या डब्यात टाकायचा. आजवर आठ वेळा त्या डब्यातून एकेकच अर्ज निघाला होता.

"तुझा अर्ज आणलास ना?" सी लोत्फींनी मुन्धरला बाजूला घेऊन विचारलं.

मुन्धरने कोटाच्या आतल्या खिशावर थाप मारली. "तुमची सही झाली आहेच. जेवण झालं की वर जाऊन टाकतो, सगळ्यांदेखत."

"छान. नियम माहीत आहेत ना? अर्जावर एका पदाधिकाऱ्याचं अनुमोदन लागतं, पदाधिकारी आपण तिघेच, आणि प्रत्येकाला सही एकच. माझं अनुमोदन तुला. बाबा अध्यक्ष, ते कोणालाच सही देत नाहीत. उरलास तू. तू कोणाला सही दिलीस तर तुला उभं राहता येत नाही. म्हणजे झालं तुझं काम. दुसरा माणूस सही आणणार कुठून?" सी लोत्फी समाधानाने हसले. "शांतपणे, कोणाला न दुखावता. निवडणूक अशी व्हावी."

मुन्धरला हे फार पटलं. कोणालाही न दुखवणं हा त्याच्या आयुष्याचा मोठा उद्योग होता.

जेवायला सगळे अंगणातल्या लांब टेबलाशी बसले. मुन्धरने मानेभोवती एक मोठा रुमाल बांधला आणि वर दुसरा मांडीवर पसरला.

"न्हाव्याकडे आलास का?" लल्ला झकियांनी विचारलं.

"नवा सूट आहे, आई."

"मग तो घरी ठेवायचा आणि तू यायचंस." त्यांनी त्याच्या ताटात शरमूला वाढला, तोही चांगला काठोकाठ.

समोर त्याची मुलगी दोर्रा बसली होती. एकतीस वर्षांची, आजोबांसारखीच वास्तुकार आणि उंच, आणि आज विलक्षण गप्प. एरवी ती टेबलावर बसली की दुसऱ्याला घास गिळायला सवड मिळत नसे. मुन्धरच्या लक्षात आलं की सिहेम तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटते आहे, आणि राउधा, त्याची स्वतःची बायको, दोघींकडे बघून मान हलवते आहे. जेवणानंतर, असं काहीसं त्याला ऐकू आलं.

"काय जेवणानंतर?" त्याने विचारलं.

"बकलावा," तिघी एकदम म्हणाल्या.

सी तिजानींनी माशाचा काटा ताटाच्या कडेला नीट मांडून ठेवला आणि घसा साफ केला. हा घसा सगळ्यांच्या ओळखीचा होता. "मी परवाच लोत्फीला म्हणत होतो, मंडळात तरुण रक्त हवं. तरुण शाखेचं काय चाललंय, लोत्फी?"

"जोरात आहे. शाखाप्रमुखांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याभरात चालायला लागतील."

सिहेमला ठसका लागला. "लोत्फीकाका, तरुण शाखेच्या प्रमुखांचं वय काय?"

"छप्पन्न. आपल्याकडे साठीच्या आतला तो तरुण."

"म्हणजे दादा अजून तरुणांत मोडतो! अभिनंदन, दादा. दोन वर्षं आहेत अजून, मजा करून घे."

"आणि तुमच्यात सभेला येतं कोण?" दोर्रा पहिल्यांदाच बोलली. "एकशे चाळीस सभासद आहेत. गेल्या सभेला चौदा आले. सभा असते मंगळवारी दुपारी तीनला. त्या वेळी आम्ही सगळे साइटवर असतो."

"तीनची वेळ उत्तम आहे," सी लोत्फी म्हणाले. "जेवून जरा आडवं झालं की ताजंतवानं वाटतं."

"तुम्हाला."

"दोर्रा," मुन्धर हळूच म्हणाला. ईदच्या दिवशी कशाला, असा त्याचा सूर होता. ती पाव तोडायला लागली. तिचा तो पाव तोडणारा हात बघून मुन्धरला उगाच चुटपुट लागली. तो हात त्याला ठाऊक होता. त्याचा स्वतःचाच होता तो. बोलायचं असताना पाव तोडत बसणारा.

"त्या बुर्जांचं पुढे काय झालं?" आजोबांनी विचारलं.

उन्हाळाभर दोर्रा आणि तिच्या बरोबरीचे पंचवीस-तीस जण शहराभोवतीच्या बागांमधून हिंडले होते. तिथे जुन्या कुटुंबांची उन्हाळी घरं होती, जाड भिंतींची, चौकोनी, लोक त्यांना बुर्ज म्हणत. एकेक करून ती पाडली जात होती. पोरांनी एकेचाळीस बुर्जांची मापं घेतली, नकाशे काढले आणि मंडळाने नगरपालिकेला पत्र द्यावं म्हणून अर्ज केला.

"एकेचाळिसातले तीन गेले, आजोबा."

"गेले म्हणजे?"

"पाडले. पत्र गेलंच नाही."

"का नाही गेलं?"

दोर्राने बापाकडे बघितलं नाही. न बघण्याचे तिने घेतलेले कष्ट मुन्धरला दिसले. पत्र त्याच्याच टेबलाच्या खणात होतं. एका सभेत विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाचा चेहरा पडला, कारण पाडणाऱ्यांपैकी एक त्याचा साडू होता. म्हणून मुन्धरने पुढच्या बैठकीत घेऊ म्हटलं होतं. त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा तोच चेहरा समोर होता.

"पुढच्या बैठकीत घेणार आहोत," तो म्हणाला आणि रुमाल उगाचच नीट केला.

साडेतीन वाजता सी तिजानी उठले. "चला वर. कॉफी वर घेऊ. लोत्फी, तुझा डबा आण."

जिना चढताना क्रम ठरलेला असे: सी तिजानी पुढे, हात भिंतीला, मागे मुन्धर, मागे डबा सांभाळत सी लोत्फी, मग सिहेम आणि दोर्रा, शेवटी राउधा कॉफीचा ट्रे घेऊन. सी तिजानी चढता चढता बोलत होते. "मुन्धर, अध्यक्षाला एक गोष्ट जमली पाहिजे. माणसं..."

धप्प.

सातवी पायरी. छप्पन्न वर्षं न चुकता उचललेला पाय आज पुरेसा उचलला गेला नाही. म्हातारा पुढे कोसळला, दोन्ही हात आठव्या पायरीवर. मुन्धरने मागून कंबरेला मिठी मारली म्हणून बरं.

"बिस्मिल्ला!" खालून लल्ला झकियांचा आवाज आला. मग त्यांना कळलं की आता वर पाहुणा कोणीच नाही. "कोण पडलं?"

"कोणी नाही, आई!" मुन्धर ओरडला.

सी तिजानींना धरून सहाव्या पायरीवर बसवलं. हाताला खरचटलं होतं, बाकी धड होते. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

"जोडे घसरडे आहेत हे," सी लोत्फी म्हणाले.

"उन्हातून सावलीत आलो ना, डोळ्यापुढे अंधारी येते," मुन्धर म्हणाला.

"नजर लागली," राउधा म्हणाली. "सकाळपासून किती माणसं येऊन गेली."

"आजोबा," दोर्रा म्हणाली, "ती पायरी उंच आहे."

राउधाच्या ट्रेवरचे कप किणकिणले. मुन्धरने मुलीचा दंड धरला. "दोर्रा, अगं..."

"सोडा, बाबा. आज हात खरचटला. उद्या कंबर मोडेल. आजोबा, सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. आख्ख्या घराला माहीत आहे. सगळे पाहुणे इथेच पडतात. तुम्ही चुकलात तिथे."

सी तिजानींनी नातीकडे बघितलं. मग हाताकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मुन्धरला वाटलं की झालं, बाबा रडताहेत. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वरच्या बैठकीची फरशी मी आयत्या वेळी बदलली, जाड घेतली. गवंड्यानं तो फरक सगळ्या पायऱ्यांत वाटून घेतला नाही, एकाच पायरीत कोंबला. आणि मी त्या दिवशी साइटवर नव्हतो. तरुण होतो, गावभर कौतुक करून घेत हिंडत होतो."

"मग फोडली का नाहीत?" सिहेमने विचारलं.

"म्हटलं, बघू तरी, पहिलं कोण सांगतंय. महिना गेला, वर्ष गेलं. मोठमोठे वास्तुकार आले, इथे तोंडावर पडले, आणि उठून म्हणाले, वा, काय प्रमाणबद्धता! मग मलाच लाज वाटायला लागली. इतके दिवस गप्प बसल्यावर आपणच कसं बोलायचं?" त्यांनी मान वळवली. "मुन्धर."

"जी."

"तू एकोणीस वर्षांचा होतास. ट्यूनिसहून कॉलेजच्या सुट्टीत आला होतास. टेप घेऊन इथे बसला होतास."

जिन्यात त्या दुपारी कोणी नव्हतं. मुन्धरने चारचारदा खात्री केली होती.

"मी वरच्या खिडकीत होतो. तू मापलीस, वहीत लिहिलंस, पुन्हा मापलीस. मी तुझ्या आईला जाऊन म्हटलं, आज पोरगा माझी कानउघाडणी करणार. दाढी केली मी. कोट घातला. खोलीत जाऊन बसलो. तू आलास आणि म्हणालास..." म्हातारा थांबला. त्याच्या आवाजातलं हसू संपलं होतं. "म्हणालास, 'बाबा, काय सुंदर जिना आहे.'"

सिहेमने चेष्टा करायला तोंड उघडलं आणि दादाचा चेहरा बघून मिटलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," मुन्धर म्हणाला.

"वाटलं असतंच. मग? वाईट वाटून माणूस मरतो का? मला त्या दिवशी जास्त वाईट वाटलं. आणि खुर्चीचंही तेच. आठ वेळा सभेत म्हणालो, तरुणांनी पुढे यावं. आठ वेळा सगळ्यांत मोठ्यानं नाही-नाही कोण ओरडलं?"

"तुम्ही काय मनापासून म्हणत होतात?"

सी तिजानींनी जरा विचार केला. "पहिल्या तीन वेळा नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "चौथ्यापासून, हो."

मुन्धर भिंतीला टेकला. चौथ्यापासून! त्याने बोटं मोजली आणि मोजायचं सोडून दिलं. तेव्हा त्याचे केस काळे होते. एका वाक्याचं काम होतं. बाबा, आता मला द्या, एवढंच. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि रागही आला, बापाचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्धं आयुष्य गेलं होतं. खिशातला अर्ज छातीला टोचत होता. पण उशीर झाला तरी वेळ टळलेली नव्हती. घड्याळात पावणेचार होत होते.

"चला," तो म्हणाला. "अर्ज टाकून घेऊ."

"बाबा, थांबा," दोर्रा म्हणाली.

तिने पर्समधून एक कागद काढला. चार घड्या घातलेला, घड्यांवर मळलेला. "मीपण अर्ज भरलाय. अध्यक्षपदाचा. तीस सभासदांच्या सह्या आहेत. पदाधिकाऱ्याचं अनुमोदन नाही. तीन आठवडे हा घेऊन हिंडतेय. तुमच्या ऑफिसात चार वेळा आले आणि चहा पिऊन परत गेले."

मुन्धरने कागदाकडे बघितलं, मग सिहेमकडे, मग राउधाकडे. राउधाने ट्रे पायरीवर ठेवला होता. "तुलाही माहीत होतं?"

"आई आहे मी तिची," राउधा म्हणाली. "आणि तुमची बायको. दोन्हीकडून झोप उडाली होती माझी."

"लोत्फीकाकांची सही तुम्हाला गेली," दोर्रा म्हणाली. "राहिली तुमची. तुम्ही मला सही दिलीत तर तुम्हाला उभं राहता येणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्हाला ते पद हवंय, किती वर्षांपासून हवंय, तेही माहीत आहे. सूट दिसतोय मला. तरी मागतेय. मला व्हायचंय अध्यक्ष."

"पोरी, एवढी घाई काय?" सी लोत्फी कळवळून म्हणाले. "बापाला होऊ दे. सहा वर्षं, फार तर नऊ. मग तुझंच आहे."

"नऊ वर्षांत बुर्ज किती उरतील, काका?"

"मी झालो तर," मुन्धर म्हणाला, "सभा संध्याकाळी घेऊ. पत्र पाठवू. मी काय शत्रू आहे का तुमचा?"

"तुम्ही चांगले अध्यक्ष व्हाल, बाबा. सगळ्यांना आवडाल. आणि कोणाचा तरी चेहरा पडला की पत्र पुढच्या बैठकीत घ्याल."

हे लागलं. कानफटात बसावी तसं लागलं. त्याने वडिलांकडे बघितलं. निदान ते तरी पोरीला दटावतील.

"माझ्याकडे बघू नकोस," सी तिजानी म्हणाले. "अध्यक्ष सही करत नाही."

"बाप म्हणून काही सांगा."

"बाप म्हणून मी पायरीवर पडलोय. अर्ज तुझा, सही तुझी. तू डब्यात काहीही टाकलंस तरी मी राग धरणार नाही. ते मी मनापासून म्हणतोय का, असं विचारलंस तर हो, या वेळी पहिल्याच खेपेला."

खाली अंगणात लल्ला झकिया ताटं गोळा करत होत्या. मुन्धर मुलीकडे बघत राहिला. तिची नजर खाली गेली नव्हती. तीन आठवडे तीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. चार वेळा चहा पिऊन परत गेली होती. त्याच्याच वळणावर चालली होती पोरगी. पण शेवटी, सगळ्यांदेखत, ज्याच्याकडून हवं होतं त्याच्या तोंडावर तिने मागितलं. बाप दुखावेल हे कळत असूनही मागितलं. त्याला एकोणिसाव्या वर्षी जे जमलं नाही आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंतही जमलं नाही, ते तिला एकतिसाव्या वर्षी जमलं होतं. मुन्धरला तिचा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

"अहो," राउधा हळूच म्हणाली, "सूट लग्नाकार्यात चालेल."

"पेन द्या कोणीतरी," मुन्धर म्हणाला.

सी लोत्फींनी पेन दिलं, पण दोन बोटांनी, जणू ते गरम होतं. टेबल नव्हतंच. मुन्धरने दोर्राचा कागद सातव्या पायरीवर पसरला, तळहाताने घड्या मोडल्या आणि सही केली. पूर्ण नाव लिहिलं, खाली हुद्दाही.

"मला वाईट वाटतंय, दोर्रा," तो म्हणाला. "फार वाईट वाटतंय. सांगून ठेवतो."

"सांगा, बाबा. रोज सांगा." तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि शरमूल्याने माखलेला रुमाल, जो तो काढायला विसरला होता, दोघांच्या मधे चुरगळला. नव्या सुटाच्या छातीवर मनुकेएवढा तेलाचा डाग उमटला.

डबा पुढे आला. अर्ज आत पडला. कोणी घड्याळाकडे, कोणी सी तिजानींकडे बघत उभं राहिलं, आणि चारला पाच मिनिटं असताना कसे कोण जाणे, सगळे पायऱ्यांवरच बसून गार कॉफी पीत होते. मुन्धरचा हात एकदा आपोआप खिशाकडे गेला. त्याने आपला अर्ज काढला, एकदा वाचला आणि डब्यात न टाकता सी लोत्फींच्या हातात परत दिला.

"चार," सी तिजानी म्हणाले. "लोत्फी, उघड."

"एक अर्ज," सी लोत्फी म्हणाले. नवव्या वेळीही एकच. "दोर्रा कम्मून. वय एकतीस." ते खिन्न झाले. "फार लहान आहे हो, सी तिजानी."

"मी अठ्ठाविसाव्या वर्षी हे आख्खं घर बांधलं."

"आणि पायरी चुकली!" खालून लल्ला झकिया म्हणाल्या. छप्पन्न वर्षांची वाफ त्या एका वाक्यात बाहेर पडली, आणि सिहेम हसून हसून कठड्यावर आडवी झाली.

"उद्या गवंडी बोलवा," सी तिजानी गुरगुरले. "फोडा ती."

"नुसतं फोडून चालणार नाही," मुन्धर म्हणाला. "किती आहे ते बघून फरक वाटून घ्यावा लागेल. सिहेम, टेप आण. स्वयंपाकघरात, दुसऱ्या खणात."

टेप आली. मुन्धरने सुटाची विजार वर ओढायचीही तसदी घेतली नाही. तसाच गुडघा टेकून सातव्या पायरीशी बसला. माप त्याला पाठ होतं. तरी त्याने टेप लावली, नीट धरली, बोटाने खूण केली.

"साडेतीन सेंटिमीटर जास्त," तो म्हणाला.

"चार," शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला.

"साडेतीन, बाबा."

"जिना मी बांधलाय. चार आहे."

मुन्धरच्या तोंडात होय आलं होतं. जुन्या सवयीचं, गुळगुळीत होय. त्याने ते गिळलं.

"तुम्ही चुकताय, बाबा. साडेतीन आहे."

सी तिजानींनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मुलाच्या खांद्याला धरून खाली वाकले.

"दाखव," ते म्हणाले.